गाडीचं युनिट कितव्या टप्प्यात पडतं, ते आधी बघा

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई, आम्ही कोथरूडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. तिसरा मजला, खाली स्वतःचं पार्किंग. मिस्टरांचं ऑफिस हिंजवडीत, जाऊन-येऊन रोजचे चाळीसेक किलोमीटर होतात. जुनी पेट्रोल गाडी आता काढायची आहे. शोरूमवाला म्हणतो, इलेक्ट्रिक घ्या, किलोमीटरला एक रुपया पडेल. धाकटे दीर म्हणतात, हायवेवर चार्जिंगला युनिटमागे पंचवीस रुपये मोजावे लागतात, त्यापेक्षा पेट्रोल परवडलं. सोसायटीचे चेअरमन म्हणतात, सोसायटीच्या मीटरवरून एकही वायर ओढू देणार नाही. महिन्यातून एकदा साताऱ्याला सासू-सासऱ्यांकडे जाणं असतं. घरचं बिल एरवी १८० युनिटच्या आसपास येतं, एप्रिल-मेमध्ये एसीमुळे ३४० पर्यंत जातं. नेमका खर्च किती येतो आणि गाडी घ्यावी का, ते सांगाल का?

उत्तर:

ताई, तुम्ही बिलाची युनिटं लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत गाडीचं मॉडेल असतं, रंगसुद्धा असतो, पण घरी महिन्याला किती वीज जळते ते नसतं. खरं उत्तर त्याच आकड्यात आहे.

शोरूमवाल्याचा एक रुपया कुठून येतो ते आधी बघू. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी लागतं: पहिली १०० युनिटं, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढची. दर टप्प्याला दर चढतो. वीज आकार आणि वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) मिळून मी हिशेबासाठी गोल आकडे धरते: पहिल्या टप्प्यात ६ रुपये, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात १५ आणि चौथ्यात १७. दर बदलतात आणि इंधन समायोजन आकारही खालीवर होतो, म्हणून तुमच्या ताज्या बिलाच्या मागच्या बाजूचे आकडे घालून हाच हिशेब एकदा स्वतः करा. शोरूममध्ये पहिल्या टप्प्याचा ६ रुपये दर घेतात, गाडी युनिटमागे साडेसहा किलोमीटर जाते असं धरतात आणि भागाकार करतात. आला एक रुपयाच्या आतला आकडा.

भागाकार बरोबर आहे. पण ती पहिली १०० युनिटं तुमच्या घरात गाडीला कधीच मिळणार नाहीत. ती फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन आणि टीव्हीनं आधीच संपवलेली असतात. गाडीची वीज तुमच्या १८० युनिटांच्या वर चढते, त्यामुळे तिचं पहिलंच युनिट दुसऱ्या टप्प्यात सुरू होतं.

महिन्याला साधारण हजार किलोमीटर धरू. रोजच्या वाहतुकीत, एसी लावून, तुमच्यासारख्या कुटुंबाला पुरेल अशा आकाराची गाडी युनिटला सहा ते सात किलोमीटर देते. शिवाय भिंतीतल्या सॉकेटपासून बॅटरीपर्यंत जाताना दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते. ती गाडीच्या स्क्रीनवर दिसत नाही, मीटरवर मात्र पडते. म्हणजे हजार किलोमीटरसाठी मीटरवर अंदाजे १७० युनिटं. तुमची १८० आणि गाडीची १७०, एकूण ३५०. गाडीच्या वाट्याला दुसऱ्या टप्प्यातली १२० आणि तिसऱ्या टप्प्यातली ५० युनिटं येतात. १२० गुणिले ११ म्हणजे १,३२०, आणि ५० गुणिले १५ म्हणजे ७५०. बेरीज २,०७०. यावर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. झाले सुमारे २,४००. किलोमीटरला दोन रुपये चाळीस पैसे.

आता मे महिना घ्या. घरची ३४० युनिटं आधीच झालेली, म्हणजे गाडीचं पहिलं युनिट थेट तिसऱ्या टप्प्यात. त्याच १७० युनिटांना शुल्कासकट तीन हजारांच्या जवळ जातील. गाडी तीच, रस्ता तोच, पॉइंटही तोच. फक्त बेडरूमचा एसी चालू झाला म्हणून गाडीचा किलोमीटर साठ पैशांनी महागला. हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही, आणि मला ते खटकतं. कारण अडीच-तीन रुपये किलोमीटर हासुद्धा चांगला भाव आहे. तो लपवायचं काही कारण नाही. एक रुपयाची आशा लावून गाडी विकली की पहिल्या बिलाला घरात भांडणं होतात.

पेट्रोल गाडीशी ताडून बघा. शहरात लिटरला १३ किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास धरलं, तर किलोमीटरला आठ रुपये. महिन्याचे आठ हजार. इलेक्ट्रिकला अडीच ते तीन हजार. म्हणजे पाच हजारांच्या वर महिन्याला वाचतात. पण नवी गाडी सीएनजीची घ्यायचा विचार असेल तर गणित एवढं एकतर्फी राहत नाही. किलोला ९० रुपये आणि शहरात किलोमागे वीस किलोमीटर धरले तरी साडेचार रुपये किलोमीटर होतात. त्यापुढे इलेक्ट्रिकची बचत महिन्याला दीड-दोन हजारांची. दोन्ही गाड्यांची ऑन-रोड किंमत कागदावर लिहून घ्या, फरकाला या बचतीनं भागा आणि किती वर्षांत पैसे वसूल होतात ते बघा. सीएनजीच्या पंपावरच्या रांगेत मिस्टरांचा किती वेळ जातो, त्याची किंमत तुमची तुम्ही लावा.

आता चेअरमनसाहेबांकडे येते. तुम्हाला राग आला असेल, पण सोसायटीच्या मीटरला नाही म्हणण्यात ते बरोबर आहेत. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे हे सगळं ज्या सामायिक मीटरवर चालतं, त्याची युनिटं बहुतेक सोसायट्यांत केव्हाच ५०० च्या पलीकडे गेलेली असतात. तिथे तुमची गाडी लावली तर तिचं प्रत्येक युनिट सगळ्यात महागड्या टप्प्यात पडेल. सबमीटर लावून तुम्ही सरासरी दरानं पैसे दिलेत तर उरलेला फरक बाकीच्या सभासदांच्या मेंटेनन्समधून जाईल. मग वार्षिक सभेत वाद ठरलेलाच. कमिटीत बसणाऱ्या माणसाला हे आधी दिसतं, म्हणून तो नाही म्हणतो.

पण सामायिक मीटरला नकार आणि चार्जिंगला नकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पार्किंग तुमचं आहे, तेव्हा तिथे वीज आणायचे दोन रीतसर मार्ग आहेत. पहिला, मीटर रूममधल्या तुमच्या स्वतःच्या घराच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत स्वतंत्र केबल. याला वेगळी श्रेणी लागत नाही, घरचाच दर लागतो आणि वर केलेला हिशेब जसाच्या तसा लागू होतो. दुसरा, पार्किंगसाठी महावितरणकडून इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगची वेगळी जोडणी. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं २०१८ मध्ये चार्जिंगसाठी वेगळी दरश्रेणी केली. तिला घरगुतीसारखे टप्पे नाहीत. एकच दर, आणि वर मंजूर भारावर (म्हणजे जोडणीवरून एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज ओढायची परवानगी असते त्यावर) दरमहा मागणी आकार. हा दर घरगुतीच्या दुसऱ्या टप्प्याच्याही खाली आहे.

तुमच्या घरासाठी मला दुसरा मार्ग बरा वाटतो. सगळे आकार मिळून मी युनिटला १० रुपये धरते. १७० युनिटांचे १,७०० रुपये. एरवी महिन्याला ७०० वाचले, उन्हाळ्यात तेराशेच्या आसपास. वर्षाला नऊ-दहा हजारांचा फरक पडतो. शिवाय गाडीचं बिल वेगळं येतं, त्यामुळे घरचं किती आणि गाडीचं किती यावर डोकं लावावं लागत नाही. सुरुवातीला अनामत, मीटरची पेटी आणि केबल एवढा खर्च येईल. त्यातला मोठा भाग केबलचा. मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत टेप धरून अंतर मोजा आणि मगच इलेक्ट्रिशियनशी बोला. दहा मीटर आणि साठ मीटर यांत फार फरक पडतो. अंतर फारच जास्त असेल तर घरच्याच मीटरवरून किती पडेल तेही विचारून घ्या. केबल तेवढीच लागणार असली तरी दुसऱ्या मीटरचा खर्च वाचेल.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. गाडीबरोबर ७.२ किलोवॉटचा वॉल बॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर, घ्याच असा आग्रह होईल. तुम्हाला त्याची गरज नाही. रोजच्या चाळीस किलोमीटरला मीटरवरची सात युनिटं लागतात. १५ अँपिअरच्या साध्या पॉइंटवरून ताशी तीन युनिटांच्या वर जातात, म्हणजे जेवायला बसताना लावलेली गाडी झोपायच्या आत भरते. ७.२ किलोवॉट घेतला की मंजूर भार वाढवा, जाड केबल टाका, मागणी आकार जास्त भरा. हे सगळं कशासाठी, तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला लवकर मोकळं करण्यासाठी.

चेअरमनसाहेबांची खरी भीती बहुधा आगीची असेल, आणि तिला हसू नये. पार्किंगमधल्या धोक्याचं पहिलं कारण गाडीपेक्षा जुगाड असतो. बाल्कनीतून सोडलेली वायर, एक्स्टेंशन बोर्ड, पाच अँपिअरच्या सॉकेटवर लावलेला अडॅप्टर. तुम्ही कमिटीला अर्ज द्याल तेव्हा त्यात स्पष्ट लिहा: स्वतंत्र मीटर, परवानाधारक कंत्राटदाराकडून काम आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट, पार्किंगपर्यंत पाइपमधून नेलेली अखंड केबल, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी (जादा भार आला किंवा वीजगळती झाली की वीज तोडणारे स्विच), तपासलेलं अर्थिंग, आणि भिंतीचं काही नुकसान झालं तर भरपाई माझी. तोंडी मागितलेल्या परवानगीला तोंडी नकार मिळतो. लेखी अर्जावर कमिटीला ठराव करावा लागतो आणि कारण लिहावं लागतं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये चार्जिंगबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यांची प्रत अर्जाला जोडा. धमकीचा सूर मात्र नको. त्याच इमारतीत तुम्हाला राहायचं आहे.

आणि त्यांना एक चांगली बातमीही द्या. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी छतावर सौर पॅनल बसवायला किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे, आणि त्या सामायिक वापरात वाहनांचं चार्जिंग स्पष्टपणे धरलेलं आहे. एक किलोवॉटचं पॅनल आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिटं देतं. आज तुमची एक गाडी आहे, पाच वर्षांनी पार्किंगमध्ये दहा असतील. हा विषय तुम्ही सगळ्या सोसायटीचा म्हणून मांडलात तर चेअरमनसाहेबांचा सूर बदलेल असं मला मनापासून वाटतं.

वेळेबद्दल अजून एक. रात्री वीज स्वस्त असते हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. महाराष्ट्रात आता उलट झालंय. दिवसा सौर वीज भरपूर येते, म्हणून १ जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटला ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळते. मिस्टर घरून काम करतात त्या दिवशी आणि रविवारी गाडी दुपारी लावा. वेगळी जोडणी घेतलीत तर तिच्या दराला कोणत्या वेळी किती सूट आणि किती अधिभार लागतो, ते अर्ज करतानाच विचारून घ्या. संध्याकाळी पाच ते मध्यरात्र हा साधारण महागाचा काळ, त्यामुळे गाडीत टायमर असेल तर बाराच्या पुढचा लावा. हिंजवडीत कंपनीच्या पार्किंगमध्ये स्लो चार्जर असेल तर प्रश्नच मिटला. तिथला दर मिस्टरांना उद्याच विचारायला सांगा.

आता तुमच्या दिरांचं म्हणणं. हायवेवरच्या फास्ट चार्जरचा दर साधारण १८ ते २५ रुपये युनिट असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. घरच्या विजेवर जीएसटी नाही, सार्वजनिक चार्जिंग ही सेवा धरली जाते म्हणून आहे. २२ रुपयांचा दर दिसला तर खिशातून २६ जातात. दर एवढा का, असं वाटणं साहजिक आहे. त्या यंत्राची किंमत लाखांत असते, जागेचं भाडं असतं, मोठा मंजूर भार घेऊन ठेवावा लागतो आणि दिवसातले बरेच तास ते रिकामं उभं असतं. केंद्राच्या सूचनांमध्येही फास्ट चार्जिंगच्या नुसत्या सेवा आकाराची मर्यादा सौर तासांत ११ आणि इतर वेळी १३ रुपये युनिट अशी सुचवली आहे. विजेचे पैसे त्याच्यावर वेगळे.

हायवेच्या वेगानं गाडी युनिटला सहा किलोमीटर देईल असं धरा. किलोमीटरला चार रुपये तीस-चाळीस पैसे. पेट्रोल गाडी हायवेला लिटरमागे सोळा-सतरा देते, म्हणजे सव्वासहा रुपये. तेव्हा पेट्रोल परवडलं हे दिरांचं म्हणणं चुकीचं आहे. सीएनजीबद्दल ते असं म्हणाले असते तर मी मान्य केलं असतं. सीएनजी गाडी हायवेवर पावणेचार रुपयांत जाते, फास्ट चार्जिंग तिच्यापुढे हरतं. म्हणूनच ज्याचं सगळं चार्जिंग बाहेर होणार आहे, ज्याला स्वतःचं पार्किंग नाही, त्याला मी इलेक्ट्रिक गाडी घ्या असं आज सांगत नाही.

बाहेर चार्ज करायची वेळ आली तर केबल लावण्याआधी अ‍ॅपमधला दर वाचा. एकाच चार्जरचा सकाळचा आणि संध्याकाळचा दर वेगळा असू शकतो. दर जीएसटी धरून आहे की सोडून, ते बघा. काही ठिकाणी चार्जिंग संपल्यावर गाडी तशीच उभी ठेवली तर मिनिटाला दंड लागतो, म्हणून फूड मॉलमध्ये निवांत जेवत बसू नका. आणि ८० टक्क्यांच्या पुढे भरत राहू नका. त्यापुढे गाडी स्वतःच वेग कमी करते. शेवटच्या वीस टक्क्यांना जवळपास आधीच्या साठइतका वेळ जातो आणि मागे रांग वाढते. अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये हजारो रुपये घालून ठेवण्याचीही गरज नाही, लागेल तेवढेच भरा.

तुमच्या साताऱ्याच्या प्रवासात मात्र हे सगळं फारसं येणारच नाही. कोथरूड ते सातारा एका बाजूनं ११०-११५ किलोमीटर. जाताना खंबाटकीचा चढ आहे, त्यात बॅटरी भराभर उतरताना दिसेल, घाबरू नका. उतारावर थोडी परत येते. ४५ युनिटांच्या बॅटरीची गाडी जाऊन-येऊन एका चार्जमध्ये होते. ३० युनिटांची घेतलीत तरी जाणं सहज होतं, परतीसाठी थोडं भरावं लागतं. आणि ते भरायला सगळ्यात स्वस्त जागा तुमच्या सासऱ्यांच्या अंगणात आहे. दोघंच राहतात, बिल ६०-७० युनिटांचं येत असेल, तर त्यांच्या मीटरवर पहिल्या टप्प्यातली तीसएक युनिटं शिल्लक आहेत. परतीसाठी गाडी त्यातली वीस-बावीसच घेईल. दीडशे रुपयांच्या आसपास परतीचा प्रवास. शोरूमवाल्यानं सांगितलेला एक रुपयाचा किलोमीटर तुम्हाला तिथे जवळजवळ मिळेल.

तर घ्यावी का? घ्या, पण क्रम उलटा करू नका. आधी कमिटीचा लेखी ठराव, मग महावितरणकडे जोडणीचा अर्ज, आणि पार्किंगमध्ये मीटर लागला की गाडीचं बुकिंग. सणाची ऑफर चुकली तर चुकू द्या. पॉइंटशिवाय आलेली गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर रांगेत उभी राहते, आणि मग दिरांचे आकडे खरे व्हायला लागतात.

साताऱ्याच्या घराचं वायरिंग जुनं असेल. पुढच्या वेळी जाल तेव्हा तिथल्या इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि बाहेरच्या भिंतीला १५ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट मेन बोर्डापासून नव्या वायरनं काढून घ्या. गीझरच्या पॉइंटवरून फाटा काढू देऊ नका.